भाऊसाहेबांच्या तक्त्यातला समुद्र

भाऊसाहेबांकडं कुणीही येवो, त्याला अर्धाच पेला पाणी मिळायचं. सरपंच असो, पाहुणा असो, नाहीतर जिल्ह्याहून आलेला साहेब असो. पेला पुढं करून वर सांगायचे, "लागलं तर अजून मागा. लाजू नका. पण उष्टं टाकू नका." एकदा एका साहेबांनी त्या अर्ध्यातलंही अर्धं ठेवलं आणि उठले. भाऊसाहेबांनी तो पेला उचलला, खिडकीतल्या तुळशीच्या डब्यात ओतला आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, हिची तरी आज सोय झाली." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मान खाली घालून रजिस्टर चाळत बसले, नाहीतर माझीच बदली झाली असती.

भूमच्या आमच्या ऑफिसात ते टंचाईच्या टेबलावर होते. म्हणजे ज्या गावाची विहीर आटली तिथं टँकर पाठवायचा, कोणत्या विहिरीवर भरायचा, किती खेपा करायच्या, हे सगळं ते ठरवायचे. मी समोरच्या टेबलावर. नवीन नोकरी, नवीन लग्न, आणि समोर हा माणूस. पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं होतं की माझ्यासमोर एक येडं बसवलंय. दुसऱ्या वर्षी त्याच माणसासाठी मी डब्यात जास्तीची चपाती न्यायला लागले. मी काही भोळीभाबडी बाई नाही, पण काही माणसं आपल्याला हळूहळू खिशात घालतात, त्याला इलाज नाही.

लग्नाला गेले की भाऊसाहेब अक्षता टाकायच्या आधी मांडवामागं जाऊन नळ बघून यायचे. गळत असला तर चिंधी बांधायचे. रस्त्यात व्हॉल्व्ह गळताना दिसला की एसटी थांबवायला सांगायचे, आणि गंमत म्हणजे कंडक्टर थांबवायचेही. तालुक्यात त्यांना सगळे ओळखून होते.

पण एक गोष्ट त्यांची लाखात एक. खोटं बोलायचे नाहीत. आमच्या धंद्यात टँकर जागेवर उभा असला तरी "निघालाय, आत्ताच निघालाय" असं सांगायची रीत आहे. सगळेच सांगतात. मीही सांगितलंय, कशाला लपवू. भाऊसाहेब मात्र फोनवर सरळ सांगायचे, "सरपंच, ड्रायव्हर जेवतोय. मग टायर बघणार. तीन वाजतील. बायांना उन्हात उभं करू नका." समोरून शिव्या यायच्या. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. फोन ठेवून मला म्हणायचे, "मॅडम, पाण्याला उशीर झालेला माणसाला चालतो. वाट बघायला लावून फसवलेलं चालत नाही."

असा हा माणूस घरात मात्र एकोणतीस वर्षं खोटं बोलत होता.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, समुद्र बघायचा होता. काकू मूळच्या सास्तूरकडच्या. लग्नानंतर कधीतरी भाऊसाहेबांनीच त्यांना सांगितलं होतं की तुला समुद्रावर नेतो, समुद्राकाठच्या लहानशा गावात तीन दिवस राहू, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. बाईनं ते मनात धरलं. तेव्हापासून उन्हाळ्यात टंचाई म्हणून नाही, पावसाळ्यात समुद्र खवळतो म्हणून नाही, दिवाळीत ऑडिट म्हणून नाही, असं चाललेलं. एकदा दोघं बॅगा घेऊन बार्शीपर्यंत गेले होते. तिथं स्टँडवर फोन आला आणि त्याच बॅगा त्याच एसटीनं परत आल्या. काकूंनी मला सांगितलं, "बार्शी बघून आले गं. तिथं बी भेळ चांगली मिळती." हसून सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही.

निवृत्तीच्या वर्षी काय झालं ते मी डोळ्यानं बघितलं. डिसेंबर होता. पावसानं दगा दिलेला, चार-दोन गावांना आताच टँकर सुरू झाले होते. भाऊसाहेब डबा विसरले म्हणून काकू डबा घेऊन ऑफिसात आल्या. टेबलावर ठेवला. त्यांना अर्धा पेला पाणी मिळालं. ते पिऊन त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

"तुमच्या त्या कागदावर जेवढी गावं हायती, त्या समद्यांना तुमी पाणी दिलं. चांगलं केलं. मला एकदा दाखवा तरी. म्या काय प्यायला मागत न्हाय."

भाऊसाहेब म्हणाले, "अगं, आता मे महिन्यात मी मोकळाच..."

"मे महिना न्हाय. मोकळं झाल्यावर तर कुणी बी नेतं. संक्रातीनंतर न्या. ह्या बारीला झालं तर झालं. न्हाय झालं तर म्या पुन्हा समुद्राचं नाव काढणार न्हाय, आन तुमी बी काढायचं न्हाय. नुसती आशा लावलेली मला आता सोसत न्हाय."

आणि रिकामी पिशवी घेऊन निघून गेल्या. भाऊसाहेबांनी डबा बाजूला सारला. मग ड्रॉवरमधून एक कोरा तक्ता काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुमच्या ह्यांची गाडी संक्रातीनंतर मोकळी असते का?"

अशी मी या सहलीत ओढले गेले. आमच्या ह्यांना गाडी चालवायची हौस, मला सुट्टीची हौस, आणि खरं सांगायचं तर मला भीती होती की मी सोबत नसले तर हा माणूस पुन्हा बार्शीहून परत येईल.

तो तक्ता मी आजही विसरलेले नाही. टँकरचाच छापील नमुना. अनुक्रमांक, ठिकाण, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा, आणि शेवटच्या रकान्यात लाभार्थ्याची सही. त्यात भाऊसाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात भरलेलं: "समुद्रदर्शन, पहिले. सायंकाळी ५.०० ते ५.४५." त्याखाली, "निवांत बसणे. ५.४५ ते ६.३०." त्याखाली, "गप्पा. ऐच्छिक." मी म्हणलं, "भाऊसाहेब, निवांतपणाला कुणी वेळ लावतं का?" तर म्हणाले, "वेळ नाही लावली तर तो होतच नाही, मॅडम. एकोणतीस वर्षं बघतोय की."

दापोलीच्या खाली एका लहानशा गावात, नारळाच्या वाडीतलं एक घर आम्ही फोनवर ठरवत होतो. घरमालक मोठा सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, खोल्या दोन आहेत, जेवण घरचं आहे, समुद्राची गाज दारापर्यंत येते. भाऊसाहेबांनी फोन माझ्याकडून घेतला.

"पाण्याची काय परिस्थिती आहे?"

"समोरच समुद्र आहे."

"ते झालं. प्यायचं."

"विहीर आहे ना."

"किती परस खोल? मोटार किती एचपीची? मे महिन्यात तळ दिसतो का?"

"अहो, तुम्ही जानेवारीत येताय ना?" मालक म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. त्यांना वाटलं असावं की कुणीतरी वाडी विकत घ्यायला येतंय.

तरी निघायच्या दिवशी पहाटे भाऊसाहेब गाडीच्या डिकीत दोन मोठे कॅन भरून ठेवत होते. समुद्राला निघालेला माणूस भूमचं पाणी घेऊन. आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खुणेनं सांगितलं, गप बसा. काकूंनी शेंगाचटणी, धपाटे, ज्वारीचं पीठ असं आठवडाभराचं घेतलं होतं. दोघांचं पटायचं ते उगीच नाही.

बार्शी आली. बार्शी गेली. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा खिडकीची काच खाली केली.

पाच वाजता समुद्रदर्शन म्हणजे पाच वाजता. साडेचारला पोचलो, मालकांनी कोकम सरबत पुढं केलं, तर भाऊसाहेबांनी ते उभ्यानंच प्यायलं, पूर्ण पेला. माझ्या ते लक्षात आलं. तक्ता हातात, काकू मागं, आम्ही त्यांच्या मागं. सुरूची झाडं ओलांडून वाळूत आलो आणि भाऊसाहेब जागच्या जागी थांबले.

समोर पाणी नव्हतं.

म्हणजे होतं, पण लांब, पार लांब, एखादी चमकती रेघ दिसावी तेवढंच. मधे सगळी ओली वाळू, डबकी, उलट्या पडलेल्या दोन होड्या आणि चिखलात काहीतरी टिपणारे पक्षी. भाऊसाहेबांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आटलेल्या विहिरीत वाकून बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच झाला. मी तो चेहरा ओळखते. काकूंनी नुसतं नवऱ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला बघवलं नाही.

भाऊसाहेब उलट पावली मालकांकडं गेले. मी मागं धावले.

"मालक, हे कधीपासून असं आहे?"

"काय?"

"पाणी गेलंय."

"ओहोटी आहे," मालक म्हणाले. "येईल."

आता भरती-ओहोटी भाऊसाहेबांनी शाळेत शिकलेली नव्हती असं नाही. मीही शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण आमच्याकडं गेलेलं पाणी परत येतं यावर कुणाचा विश्वास बसणार? आमच्याकडं गेलं म्हणजे गेलं.

"किती वाजता येईल?"

"रात्री भरेल. पहाटे पुन्हा उतरेल, दुपारी पुन्हा भरेल. दिवसातनं दोनदा."

"दोन खेपा," भाऊसाहेब म्हणाले. "रोज?"

"रोज."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

"कुणी फोन करावा लागत नाही?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "दमलेत ते. लांबून आलोय."

भाऊसाहेब परत किनाऱ्यावर आले, काकूंना म्हणाले, "येतंय. माणूस खरा वाटतो." आणि सवयीनं तक्ता पुढं केला, सहीसाठी. काकू म्हणाल्या, "काय बघितलं म्हणून सही करू? चिखूल?" भाऊसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. पुढचा सगळा वेळ त्यांनी काय केलं असेल? एक काठी घेतली, तिच्यावर चाकूनं खुणा केल्या, लांब चालत जाऊन पाण्याच्या कडेला रोवली आणि टाकीची पातळी मोजावी तसे तिच्यापाशी उभे राहिले. दर पाच मिनिटांनी तिकडून हात वर करायचे. एकदा लांबून ओरडले, "चढतंय!" मला हसू फुटलं. काकूही हसल्या, पण म्हणाल्या, "इथं आले तरी पाणीच मोजत्यात बघ. माझ्यापाशी बसायचं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळ्या खाताना ऑफिसातून फोन आला. एका गावाला ज्या विहिरीवरून टँकर भरत होता त्या विहिरीच्या मालकानं मोटार बंद केली होती. का, तर सांगत नव्हता. भाऊसाहेबांनी त्याच्याशी बोलून बघितलं. स्पीकरवर होतं, मी ऐकलं. तो म्हणाला, "फोनवर न्हाय. तुमी तोंड दाखवा, मग मोटार चालू करतो. माझा करार तुमच्या तोंडाशी हाय, हापिसाशी न्हाय." गावात दोन दिवसांचंही पाणी नव्हतं.

भाऊसाहेबांनी आंबोळी तशीच ठेवली. काकूंकडं बघितलं. काकूच बोलल्या.

"जावा तुमी. म्या येत न्हाय."

"तू?"

"माजी तीन दिवसाची सुट्टी हाय. तुमच्याच कागदावर लिवलंय."

आमचे हे गाडी काढतो म्हणाले. भाऊसाहेबांनी हात जोडले. "गाडी हिच्यासाठी राहू द्या. मला एसटी आहे." कुठून कुठं कोणती गाडी लागते हे त्यांना पाठ होतं. पिशवी घेतली आणि चालू पडले. वळणापर्यंत मागं वळून बघत होते.

तो दिवसभर काकूंना बसताच येईना. मालकीणबाईंच्या चुलीपाशी गेल्या, भाकरी थापून दिल्या, त्यांचे तांदूळ निवडून दिले, ओटा पुसला. मी दंडाला धरून बाहेर आणलं. म्हणलं, "काकू, काही करायचं नाही असं ठरलंय ना?" म्हणाल्या, "लई अवघड असतंय गं ते. कुणी शिकवलंच न्हाय." भाऊसाहेबांचे फोन येत होते. पुणे आलं. बार्शी आली. घरी पोचलो, शेंगाचटणी कुठं ठेवलीय. काकू म्हणाल्या, "माझ्यापाशी हाय. समुद्रावर."

तिसऱ्या दिवशी मात्र त्या सुरूच्या सावलीत चटई टाकून बसल्या त्या दुपारच्या जेवणालाच उठल्या. मी शेजारी. पाणी पुढं आलं होतं, भरपूर, डोळ्यात मावत नव्हतं. मी म्हणलं, "भाऊसाहेबांचा लई राग आला असेल ना?"

"रागच करता येईना, ह्येच वाईट हाय," काकू म्हणाल्या. "त्या गावच्या बाया घागरी घेऊन बसल्या असत्याल. त्यांचं चुकलं म्हणू का ह्यांचं? ह्यो एवढा समुद्र हाय, पर एकटीनं बघायचा म्हणजे निम्माच दिसतो बघ." मग चटईवरची वाळू झटकत म्हणाल्या, "म्या म्हणलं होतं ना, न्हाय झालं तर पुन्हा नाव काढणार न्हाय. आता काढणार न्हाय. हे झालं म्हणायचं का न्हाय झालं, त्येच कळंना."

दुपारी भाऊसाहेबांचा फोन आला की मोटार चालू झाली. त्यानंतर फोनच नाही. संध्याकाळी मी लावला तर बंद. काकू म्हणाल्या, "झोपले असत्याल. तिथंच बरं वाटतं ह्यांना. तू नको लावू." दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघणार होतो.

निघायच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी आणि काकू पुन्हा किनाऱ्यावर होतो. शेवटचं म्हणून काकूंनी चटई जरा पुढं, वाळूतच टाकायला लावली. पाणी पुन्हा लांब गेलेलं. तेवढ्यात सुरूतून एक माणूस येताना दिसला. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल. पिशवी तीच.

दोन दिवस आणि दोन रात्री या माणसानं एसटीत आणि धावपळीत काढल्या होत्या, आणि आता वाट्याला राहिली होती एक सकाळ. मी उठून उभी राहिले. काकू उठल्या नाहीत. त्यांनी चटईवर सरकून जागा केली.

भाऊसाहेब बसले. लगेच सांगायला लागले, की विहीरवाल्याची तक्रार काहीच नव्हती, टँकरच्या चाकाखाली त्याचं कांद्याचं रोप गेलं होतं, कुणी साधं विचारायला आलं नव्हतं, बांधावर बसून तासभर ऐकून घेतलं, चहा घेतला, की...

"पाण्याचं बोलू नका," काकू म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी समोर बघितलं. पाणी नव्हतं. घड्याळाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी तुला फसवलं. एवढी वर्षं. दुसऱ्या कुणाला कधी फसवलं नाही, तुलाच."

"व्हय," काकू म्हणाल्या. "फसवलं. आता बसा."

मला तिथं थांबणं बरं वाटेना. मी घरी आले, बॅगा भरल्या, कॅनमधलं भूमचं पाणी मालकीणबाईंच्या अबोलीला घातलं. साडेदहाला आमचे हे म्हणाले, उशीर होतोय, बोलव त्यांना. मी परत गेले.

भाऊसाहेब झोपले होते. वाळूत पाय पसरून, डोकं काकूंच्या मांडीवर, चारचौघांत, उघड्यावर. आमच्याकडं त्या वयाची माणसं घरातसुद्धा एका खाटेवर बसत नाहीत. आणि पाणी येत होतं. शेवटची लाट चटईपासून हातभर अंतरावर थांबून मागं गेली. मी घाईनं पुढं झाले आणि खुणेनंच म्हणलं, काकू, उठवा, भिजतील.

काकूंनी मान हलवली. ऊन लागू नये म्हणून पदर भाऊसाहेबांच्या डोळ्यांवर धरलेला होता, हात अवघडला असणार, पण हलवला नव्हता.

"येऊ दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हयातभर हेच पाण्याकडं गेले. आज पाणी येऊ दे ह्यांच्याकडं."

लाट आली आणि त्यांच्या टाचा भिजल्या. भाऊसाहेबांनी झोपेतच पाय जवळ घेतले, पण उठले नाहीत. मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं, गाडी बंद करा, आज आपण काही निघत नाही.